बोटातला पहिला टाका कुठे घातला जावा? हस्तशल्यक्रियेच्या प्रशिक्षणात प्रतिकृतींवरील सरावाची सक्ती

मूळ लेख – करांगुली

शासकीय रुग्णालयांच्या अपघात विभागात हाताच्या दुखापतींचे जे रुग्ण येतात, त्यांत कडबाकुट्टीत किंवा उसाच्या चरकात सापडलेले हात असतात, पॉवरप्रेसखाली आलेली बोटे असतात आणि संक्रांतीच्या सुमारास नायलॉनच्या मांजाने कापलेले तळहातही असतात. यांतले कित्येक जण दिवस मावळल्यावर पोहोचतात आणि त्या वेळी टेबलाशी उभा असतो तो पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वा दुसऱ्या वर्षातला निवासी डॉक्टर. प्लास्टिक सर्जरी शिकवताना माझ्या मनात एक मत पक्के झाले आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो. टेंडन (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा दोर) जोडणे, बोटाची रक्तवाहिनी जोडणे आणि हाताच्या लहान हाडांत के-वायर (मोडलेले हाड जागी धरणारी बारीक तार) घालणे या तीन गोष्टी निवासी डॉक्टरने हाताच्या हुबेहूब प्रतिकृतीवर, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत, नीट करून दाखवल्याशिवाय त्याला रुग्णाच्या हातावर त्या करू देऊ नयेत.

तीनपैकी पहिलीच गोष्ट जरा खोलात जाऊन पाहू. तळहाताच्या बोटांजवळच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यात बोट वाकवणारे दोन टेंडन एकाच अरुंद बोगद्यातून जातात. स्टर्लिंग बनेल या अमेरिकी शल्यविशारदाने या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले होते आणि तेथे कापलेला टेंडन लगेच जोडू नये, असे त्या काळी शिकवले जात असे. १९६०च्या दशकात अमेरिकेत हॅरोल्ड क्लाइनर्ट आणि स्वित्झर्लंडमध्ये क्लोद व्हेर्दां यांनी हा टेंडन लगेच जोडूनही बोट हलते ठेवता येते हे दाखवले आणि जगभरची पद्धत बदलली. मात्र हे साधते ते काम अचूक झाले तरच. कापलेल्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत टाका पकडावा लागतो, निदान चार धागे टेंडनच्या गाभ्यातून जावे लागतात आणि वरून सहा-शून्य धाग्याची बारीक धावती शिलाई घालावी लागते. धागा जास्त ओढला की जोड फुगतो आणि बोगद्याच्या ए-टू पट्ट्याखाली, म्हणजे टेंडनला हाडालगत धरून ठेवणाऱ्या कड्याखाली, अडकतो. कमी ओढला तर टोकांमध्ये फट राहते, आणि ती तीन मिलिमीटरच्या पुढे गेली तर जोडाला हवे तसे बळ येत नाही. टेंडनचा पृष्ठभाग फोरसेपने पुन्हा पुन्हा चिमटला गेला, तर त्या प्रत्येक जागी तो बाजूच्या ऊतींना चिकटण्याची शक्यता वाढते.

सुई कोणत्या कोनात शिरवायची, धागा किती ओढायचा, टेंडनला कमीत कमी वेळा कसे धरायचे, हे सारे हाताला सरावानेच येते. त्या सरावासाठी जिवंत माणसाचे बोट लागत नाही. हाडांच्या शल्यक्रियेत हे कधीच मान्य झाले आहे. एओ या हाडांच्या शल्यविशारदांच्या स्विस गटाने १९६० मध्ये दावोसला पहिला अभ्यासवर्ग घेतला, तेव्हापासून प्लेट आणि स्क्रू बसवण्याचा सराव आधी रुग्णाबाहेरच्या हाडांवर करून घेण्याची पद्धत रुजली, आणि आज प्लास्टिकच्या हाडाला भोक न पाडता कोणी त्या वर्गातून बाहेर पडत नाही. मग बोटाच्या टेंडनलाच वेगळा न्याय कशासाठी?

प्रतिसाद – अस्थिसंधान

करांगुली यांची तळमळ मला पूर्णपणे मान्य आहे, पण त्यांनी मागितलेल्या सक्तीला माझा विरोध आहे. एका तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून माझी बहुतेक कारकीर्द गेली, त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

सिलिकॉनचा टेंडन सुरीने कापला की त्याची कड सरळ येते. कडबाकुट्टीतून आलेल्या हातातला टेंडन दोरखंडाचा पीळ सुटावा तसा विसकटलेला असतो. त्याचे वरचे टोक स्नायूने आखडून तळहातात किंवा मनगटाजवळ ओढून नेलेले असते आणि ते शोधण्यातच निम्मा वेळ जातो. जखमेत माती असते, वैरणीचे तुकडे असतात, शेजारची नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली आहे की नुसती ठेचली आहे हे ठरवायचे असते, आणि बोट वाचवण्याचा अट्टहास करावा की नाही हा सगळ्यांत अवघड निर्णय त्यातच घ्यायचा असतो. यातले काहीही प्रतिकृती शिकवत नाही. उलट स्वच्छ टेबलावर, पुरेशा उजेडात, रक्ताचा थेंब नसताना छान टाके घालून प्रमाणपत्र मिळवलेला मुलगा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिन्यांसाठी जिल्हा रुग्णालयात जातो, तेव्हा आपल्याला हे येते असे त्याला मनापासून वाटत असते. न येणाऱ्यापेक्षा येते असे वाटणारा मला अधिक धोकादायक वाटतो, कारण तो वरिष्ठांना फोन करत नाही.

हाडाचेही तेच आहे. प्लास्टिकच्या हाडात के-वायर तीनदा चुकली तरी हाडाला काही होत नाही. माणसाच्या बोटाच्या हाडात बोथट वायर वेगाने फिरवत तीनदा घातली, तर उष्णतेने हाड जळते, पुढे वायर सैल होते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने वायर घालताना रेडियल नसेची वरवरची शाखा वायरीत गुंडाळली जाऊ शकते, आणि ती टाळायची तर लहान छेद घेऊन हाडापर्यंत जागा करून घेण्याची सवय लागते. ज्या प्रतिकृतीत ती नसच नाही, तिच्यावर शिकलेला हात ती सवय कोठून आणणार?

शिवाय खर्चाचा प्रश्न आहे. परदेशातून आणलेल्या हुबेहूब हाताची त्वचा एकदा चिरली की तो भाग बदलावा लागतो. महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा सक्तीच्या झाल्या, पण मी पाहिलेल्या ठिकाणी छाती दाबण्याचा पुतळा आणि शीर टोचण्याचा रबरी हात यांच्यापुढे फारसे काही नव्हते, आणि जे होते त्याची किल्ली भांडारपालाकडे असे. शिकवायचे असेल तर वरिष्ठांनी रात्री टेबलाशी उभे राहावे आणि मुलाच्या हातावर आपला हात ठेवावा. ते होत नाही हा खरा रोग आहे.

प्रतिसाद – करांगुली

अस्थिसंधान, विसकटलेल्या टेंडनचे तुमचे वर्णन तंतोतंत आहे आणि माझा मुद्दा नेमका तेथूनच निघतो. ज्याला अजून नीडल होल्डर सुईच्या कितव्या भागावर लावायचा हे आठवावे लागते, त्याचे सगळे लक्ष त्या सुईतच अडकलेले असते. टोक शोधणे, नस तपासणे, बोट ठेवायचे की काढायचे याचा विचार करणे, यांसाठी त्याच्या डोक्यात जागाच उरत नाही. हाताचे काम आधी अंगवळणी पडलेले असेल, तरच तुम्ही म्हणता ते निर्णय शिकण्याची त्याची तयारी होते. आणि वरिष्ठ टेबलाशी उभे राहिले, तरी त्यांचा वेळ सुई कशी धरावी हे सांगण्यात का जावा?

प्रतिसाद – दहाशून्य

मी पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात आहे. सक्तीच्या बाजूने आहे, पण ‘हुबेहूब’ या आग्रहाच्या विरोधात आहे, आणि त्या बाबतीत माझे म्हणणे दोघांनाही थोडे खटकेल.

टोरांटो विद्यापीठात या प्रश्नावर नेमके काम झाले आहे. तेथे २००२ साली मूत्रवाहिनीत दुर्बीण घालण्याच्या सरावासाठी दोन प्रतिकृतींची तुलना केली गेली. एकीची किंमत ३,७०० कॅनेडियन डॉलर होती. दुसरी पेन्रोज ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी मऊ रबरी नळी), उपडा ठेवलेला कप, लॅटेक्स आणि दोन स्ट्रॉ यांपासून २० डॉलरमध्ये बनवलेली होती. दोन्हींवर शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कौशल्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तुम्ही म्हणाल की मूत्रवाहिनीचा बोटाशी काय संबंध. त्याच विद्यापीठात २००४ साली सूक्ष्मशल्यक्रियेबाबतही तसेच दिसले. काही निवासी डॉक्टरांनी जिवंत उंदराच्या शुक्रवाहिनीवर सराव केला, काहींनी सिलिकॉनच्या नळीवर आणि काहींना केवळ व्याख्यान मिळाले. सराव केलेले दोन्ही गट व्याख्यानवाल्यांच्या पुढे गेले, पण नळी आणि उंदीर यांच्यात तसा भेद दिसला नाही. म्हणजे नवशिक्यासाठी प्रतिकृती दिसायला किती खरी आहे यापेक्षा ती हाताकडून नेमकी कोणती हालचाल करवून घेते हे महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे ही समज जुनी आहे. सुश्रुतसंहितेत योग्येचा, म्हणजे सरावाचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात छेदनासाठी कोहळा, दुध्या आणि काकडी, शीर वेधण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ, शिवण्यासाठी कापड आणि मऊ कातड्याच्या कडा अशी क्रियेगणिक वेगळी वस्तू सांगितली आहे. त्यांतली एकही माणसासारखी दिसत नाही, पण प्रत्येकीचा एकेक गुण त्या क्रियेला हवा तसा आहे.

आमच्या विभागात आम्ही कोंबडीच्या मांडीतली धमनी वापरतो. ती साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, म्हणजे माणसाच्या बोटातल्या धमनीच्या जवळपास जाणारी असते आणि मांडी कोणत्याही चिकन सेंटरमध्ये मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली दहा-शून्य नायलॉनने, म्हणजे केसाहून बारीक धाग्याने, सहा ते आठ टाके घालायचे. मग एका टोकातून रंगीत पाणी सोडून कोठे गळते ते पाहायचे. पण खरी तपासणी पुढे असते. जोडलेली धमनी उभी चिरून उघडायची आणि आतून पाहायची. बाहेरून देखणा दिसणारा जोड आतून पाहिला की कळते, एका टाक्यात समोरची भिंतही पकडली गेली आहे. दुसऱ्या ठिकाणी बाहेरचा थर आत वळला आहे आणि रक्ताची गुठळी बसली असती ती तेथेच. टेंडनच्या सरावासाठी बोकडाचे पाय आणतो आणि जोड तुटेपर्यंत ताणकाट्याने ओढतो. गाठ सुटली, धागा तुटला की टाका टेंडनमधून फाडत बाहेर आला, हे डोळ्यांसमोर घडते. रुग्णाच्या बोटातला आपला जोड उघडून पाहण्याची सोय कोणालाच नसते. त्याचा निकाल आठवड्यांनी लागतो आणि तोवर आपली नेमणूक दुसऱ्या युनिटमध्ये झालेली असते. अस्थिसंधान, प्रतिकृतीने खोटा आत्मविश्वास येतो असे तुम्ही म्हणता. स्वतःचा जोड आतून पाहिला की मुळात असलेला खोटा आत्मविश्वासच गळून पडतो.

आणखी एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. टोरांटोमध्येच २००६ साली ३८ निवासी डॉक्टरांना रक्तवाहिनी जोडण्याची चार सत्रे दिली गेली, निम्म्यांना एकाच दिवशी आणि निम्म्यांना दर आठवड्याला एक याप्रमाणे. महिन्याभराने जिवंत उंदरावर परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याच्या अंतराने शिकलेले स्पष्टपणे सरस ठरले. आपल्याकडे मात्र एका रविवारची कार्यशाळा, जेवण आणि प्रमाणपत्र असा प्रघात आहे. सक्ती करायचीच असेल, तर अशा कार्यशाळा तीत मोजल्या जाऊ नयेत.

प्रतिसाद – शारीरवेत्ती

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. प्रतिकृतींच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट हिशेबात धरलेली दिसत नाही: साच्यातून निघालेले सगळे हात एकसारखे असतात. कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात दबलेली मीडियन नस वरचा पट्टा कापून मोकळी करण्याची, शल्यक्रिया घ्या. या नसेची अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणारी शाखा कोठून निघते आणि कशी वळते यात इतके वैविध्य आहे की लान्झ या हस्तशल्यविशारदाने १९७७ साली त्याचे गट पाडून ठेवले. काही हातांत ती शाखा ज्या पट्ट्याला आपण कापणार असतो त्याच्याच आरपार जाते. ती कापली गेली तर अंगठा समोर आणण्याची ताकद जाते. अंगठ्याचा ट्रिगर, म्हणजे वाकताना अडकणारा अंगठा, सोडवतानाही त्याच्या बाहेरच्या बाजूची नस टेंडनच्या बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या ए-वन पट्ट्यावरून तिरकी जाते आणि ती कातडीच्या अगदी खाली असते. साच्यातल्या अंगठ्यावर हा पट्टा बेधडक कापायला शिकलेल्या हाताला ही भीती कोणी शिकवायची?

त्यासाठी देहदानातून मिळालेला देह लागतो. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला देह ताठर होतो, हे खरे आहे. पण ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या वॉल्टर थील यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने जतन केलेल्या देहाचे सांधे वाकतात, टेंडन सरकतात आणि ऊतींचा रंगही बराचसा टिकतो. महाराष्ट्रात शरीररचना कायदा १९४९ पासून आहे, देहदान करणारी कुटुंबे आहेत. त्या देहांचा उपयोग पहिल्या वर्षाच्या विच्छेदनापुरताच न ठेवता शल्यविभागांसाठीही राखावा. सिलिकॉनवर पैसे घालवण्याआधी हे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद – दहाशून्य

शारीरवेत्ती, पूर्णपणे मान्य. पण एका देहाला दोनच हात असतात आणि कार्पल टनेलचा पट्टा प्रत्येक हातात एकदाच कापता येतो. सुई धरायला शिकण्यासाठी तो खर्ची पडू नये, म्हणूनच त्याआधी कोंबडीची मांडी आणि बोकडाचा पाय.

प्रतिसाद – स्प्लिंट

जोडलेले हात नंतर माझ्याकडे येतात. मी हस्तोपचाराचे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर हात पुन्हा हलता करण्याचे, काम करते. वरची सर्व चर्चा टाक्यांभोवती फिरत आहे आणि ते स्वाभाविक आहे, पण जोडलेला टेंडन पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांत नाजूक असतो आणि त्याच दिवसांत त्याला थोडे थोडे हलवले नाही, तर तो चिकटतो. किती हलवायचे हे मी ठरवते ते शल्यक्रियेच्या नोंदीवरून. किती धाग्यांचा जोड आहे, ए-टू पट्टा राखला आहे का, नस जोडली आहे का, हे तीत लिहिलेले असेल तर मी बोट धीटपणे हलवायला सांगू शकते. माझ्या हाती येणाऱ्या कित्येक कागदांवर ‘टेंडन रिपेअर केले’ एवढेच असते. प्रतिकृतीवरच्या परीक्षेत शेवटी ही नोंद लिहून घ्यावी आणि तिलाही गुण असावेत.

बोट हलते का, हे प्रतिकृती सांगत नाही, एवढ्यापुरती मी विरोधकांच्या बाजूने आहे. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंद यांनी रुढ केलेल्या पद्धतीत जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनबरोबर रक्तस्राव कमी करणारे ॲड्रेनॅलिन देऊन, दंडाला रक्त थांबवणारा पट्टा न बांधता, रुग्णाला जागा ठेवून टेंडन जोडतात आणि जखम बंद करण्यापूर्वी त्यालाच बोट मिटायला सांगतात. फट पडली किंवा जोड अडकला तर तेथेच दिसते आणि सुधारता येते. जागा असलेल्या माणसाशी बोलत, त्याची भीती सांभाळत टाके घालण्याचा सराव कोणत्याही सिलिकॉनवर होणार नाही.

प्रतिसाद – चाकणहून

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाची दोन बोटे प्रेसखाली आली होती. एका मोठ्या रुग्णालयात रात्री शस्त्रक्रिया झाली, बोटे राहिली, पण एक वाकत नाही. यात कोणाची चूक होती असे मी म्हणत नाही, कारण मशीननेच इतके चिरडले होते की कदाचित कोणीही काही करू शकले नसते. पण वरचे सगळे वाचून एक विचारावेसे वाटते. सही घेताना आम्हाला भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे सगळे वाचून दाखवले गेले. शस्त्रक्रिया करणाऱ्याने हे काम आधी केले आहे का, किमान कोंबडीवर तरी, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारण्याचा धीर झाला नाही. गरीब माणूस शासकीय रुग्णालयात येतो, म्हणून त्याच्या बोटावर शिकणे चालते का?

प्रतिसाद – करांगुली

चाकणहून, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि सक्ती हा शब्द मी वापरला तो त्याचसाठी. शिकणारा डॉक्टर शेवटी कधीतरी कोणाच्या तरी हातावर पहिल्यांदा काम करणारच, ते टळणार नाही. पण त्या पहिल्या वेळेआधी जे जे रुग्णाबाहेर शिकता येते ते शिकलेले असणे आणि शेजारी जाणता माणूस उभा असणे, या दोन गोष्टींवर तुमच्या भावाचा हक्क होता. संमतीपत्रावर ‘शल्यक्रिया निवासी डॉक्टर वरिष्ठांच्या उपस्थितीत करतील’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या वरिष्ठांचे नावही लिहावे, असे मी सुचवतो.

दहाशून्य आणि शारीरवेत्ती यांच्यामुळे माझ्या प्रस्तावात फरक करतो. ‘हुबेहूब’ ही अट काढली. पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला एक सत्र बोकडाच्या पायावर आणि कोंबडीच्या मांडीवर व्हावे, त्यानंतर देहावर एक सत्र असावे, आणि परीक्षेत जोड ताणून, धमनी चिरून पाहावी. स्प्लिंट यांनी सुचवलेली नोंदही त्यात असेल.

प्रतिसाद – अस्थिसंधान

बोकडाच्या पायाला माझा विरोध नाही, त्याला किल्ली लागत नाही. एका ठिकाणी तर मी स्वतःच सक्ती मागेन: मनगटाजवळच्या फ्रॅक्चरला पुढून प्लेट लावताना स्क्रूची लांबी. स्क्रू मागच्या भिंतीबाहेर दोन मिलिमीटर जरी निघाला, तरी त्यावर घासून अंगठा उचलणारा टेंडन महिन्यांनी तुटू शकतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या मागच्या बाजूला असलेल्या लिस्टरच्या उंचवट्यामुळे ते झाकले जाते. प्लास्टिकच्या हाडात स्क्रू बसवून मागे बोट फिरवले की टोक लगेच लागते, आणि एकदा लागले की मुलगा मनगट वाकवून तिरका एक्स-रे घ्यायला विसरत नाही. येथे प्रतिकृती जे शिकवते ते रुग्ण शिकवू शकत नाही, हे मान्य करतो.

माझा विरोध उरतो तो परीक्षेच्या कारभाराला. आज लॉगबुकमध्ये ‘सहाय्य केले’, ‘देखरेखीखाली केले’, ‘स्वतंत्रपणे केले’ असे रकाने आहेत आणि वर्षअखेरीस एका बैठकीत शंभर सह्या होताना मी पाहिल्या आहेत. तुमच्या सत्रांचेही तेच होईल, कारण दर आठवड्याला दोन तास सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या अध्यापकाला त्या दोन तासांचा मोबदला नाही, बढतीत त्याची गणना नाही आणि त्याच वेळी बाह्यरुग्ण विभागात रांग उभी आहे. टोरांटोचे आकडे दहाशून्य यांनी दिले, पण तेथे शिकवणाऱ्याला शिकवण्याचा वेळ राखून दिलेला असतो. मूल्यमापन दुसऱ्या महाविद्यालयातल्या अध्यापकाने करावे, चिरलेल्या धमनीचे आणि ताणलेल्या जोडाचे छायाचित्र नोंदीला जोडावे आणि त्या तासांची गणना अध्यापनाच्या तासांत व्हावी, या तीन गोष्टी नियमात आल्या, तर मी सक्तीच्या बाजूने हात वर करीन. त्या येईपर्यंत माझा विरोध नोंदलेला राहू द्यावा.